वाफशावरचा गड

आश्विन वद्य दशमीच्या सकाळी राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात मी पोहोचलो, तेव्हा भातखाचरांवर धुके अजून रेंगाळत होते, त्या धुक्याच्या वर गडाचा बालेकिल्ला एकटाच तरंगल्यासारखा दिसत होता, आणि गावाच्या कडेच्या एका अंगणात, तुळशीवृंदावनाच्या डाव्या हाताला, तोच बालेकिल्ला दुसऱ्यांदा उभा राहण्याच्या बेतात होता. पाच मुलगे आणि दोन मुली एवढी ती सारी शिबंदी. त्यांतली थोरली मुलगी सातवीतली, सर्वांत धाकटा अजून अंगणवाडीत जाणारा. सहामाही परीक्षा आदल्याच दिवशी आटोपलेली, त्यामुळे सर्वांच्या हालचालींत सुटीच्या पहिल्या दिवसाचे ते विशेष तेज होते. घमेल्यातून माती येत होती, दगड निवडले जात होते, आणि ओसरीवर बसलेल्या आजी गोणपाटाच्या शिवणी उसवून त्यांचे मोठाले तुकडे करून देत होत्या.

थोरल्या मुलीकडे हवालदारी होती. तिच्या खालोखाल एकाने वहीत मावळे, तोफा आणि गायीगुरे यांची मोजदाद मांडली होती, आणि तिसऱ्याच्या ताब्यात दगड, विटा, सुतळी, चुना, गेरू असा सारा जामदारखाना होता. ही वाटणी त्यांना कोणी शिकवली नव्हती. कामाच्या ओघात ती आपोआप पडली होती. परंतु शिवकाळात गडाच्या किल्ल्या आणि हुकूम हवालदाराकडे, जमाखर्च आणि हजेरी सबनिसाकडे, धान्य आणि सामान कारखानिसाकडे अशी जी व्यवस्था होती, तिचीच सावली त्या अंगणात पडलेली पाहून मला मोठे समाधान वाटले. मी जवळ जाऊन बसलो, तेव्हा हवालदारीणबाईंनी माझ्यासमोर एक निकडीचा प्रश्न मांडला.

“काका, सुवेळाला नेढं पाडायचंय. माती वली असताना पाडलं तर मिटतंय, आन् वाळल्यावर पाडलं तर चिरतंय. काय करावं?”

राजगडाच्या सुवेळा माचीवरील कातळात आरपार पडलेले ते नेढे या मुलांनी वर जाऊन, त्यात बसून, पलीकडचा वारा अंगावर घेऊन पाहिलेले होते. ते वगळून गड पुरा झाला असे म्हणायला त्यांच्यापैकी कोणीही राजी नव्हते. मला उत्तर सुचेना. ते आजींनी दिले. परसातल्या पपईच्या पानाचा जाड, पोकळ देठ त्यांनी कापून आणवला, ओल्या मातीत तो आडवा खुपसून ठेवण्यास सांगितले, आणि माती अर्धी आवळली म्हणजे तो हलक्या हाताने फिरवत बाहेर काढा, अशी ताकीद दिली. दुपारी तो निघाला, तेव्हा नेढे शाबूत होते आणि त्यातून पलीकडची झेंडूची रांग दिसत होती.

दिवाळीतला मातीचा किल्ला हा मुलांचा इतिहासाचा खेळ आहे, असे आपण सर्वजण समजून चालतो, आणि त्यात खोटे काही नाही; पण अनेक वर्षे असे किल्ले करून आणि पाहून माझे मत असे बनले आहे की हा किल्ला इतिहासापेक्षाही बागकामाच्या कुळातला आहे. तो हातांनी घडवलेला, ऋतूने ठरवलेला, पाण्याने राखलेला आणि बियाणाने पुरा होणारा असा अंगणाचा अलंकार आहे. त्याची वेळ पंचांगाने नेमून दिलेली दिसत असली, तरी ती मूळची मातीने नेमून दिलेली आहे. लौकिक गणनेत आषाढापासून आश्विनापर्यंत पावसाळा आणि कार्तिकापासून माघापर्यंत हिवाळा; या दोहोंच्या सांध्यावर, परतीचा पाऊस थांबून आठपंधरा दिवस झाले आणि पहाटे अंगावर घोंगडी ओढावीशी वाटू लागली, म्हणजे जमिनीत जी अवस्था येते तिला शेतकरी वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबली तर तिचा गोळा व्हावा आणि अंगठ्याने टिचकी मारली तर तो फुटावा, ही वाफशाची कसोटी. श्रावणात मातीचा राडा असतो, वैशाखात ढेकूळ. या दोन्ही अवस्थांत ती हाताचे ऐकत नाही. रब्बीची पेरणी ज्या वाफशावर होते, त्याच वाफशावर मुलांचा गड उभा राहतो. बाप शेतात तिफण धरतो त्याच पंधरवड्यात पोर अंगणात हळीव पेरते, हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

मातीच्या जातीचा विचार येथे टाळता येत नाही, आणि तो मला फार लवकर शिकावा लागला. माझे बालपण भीमाकाठच्या काळ्या मातीच्या गावी गेले. आठ-नऊ वर्षांचा असताना मी एकट्याने, कोणाचेही साहाय्य न घेता, निव्वळ शेतातली काळी माती मळून कमरेइतका उंच गड उभारला. दोन दिवस तो लोण्यासारखा तुकतुकीत दिसत होता, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून पणती घेऊन पाहावयास गेलो, तो बालेकिल्ल्यापासून पायथ्यापर्यंत बोट जाईल अशा भेगा पडून दोन बुरूज आडवे झालेले. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. उन्हाळ्यात जिच्या भेगांत गुराचा पाय अडकतो, ती अंगणात आली म्हणून आपला स्वभाव कसा सोडील? मी रडत बसलो होतो. आजोबांनी काही न बोलता चुलीतली राख, गव्हांडा आणि थोडे शेण आणून त्याच पडलेल्या मातीत कालवले आणि ती पुन्हा माझ्या हाती दिली. राखेने मातीचा चिवटपणा कमी होतो, गव्हांड्याच्या काड्या तिला आतून धरून ठेवतात. भिंत लिंपताना, चूल घालताना आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या. कुंभारही आपल्या मातीत घोड्याची लीद आणि राख घालतो ती याच हेतूने. परंतु आजोबांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली, जिचे महत्त्व मला फार उशिरा कळले. निव्वळ काळ्या मातीचा एक गोळा त्यांनी बाजूला काढून ठेवला, बालेकिल्ल्याजवळच्या खळग्यात तो थापून थापून बसवला आणि त्यात पाणी ओतले. ते पाणी भाऊबिजेपर्यंत टिकले. जी माती तटाला दगा देते तीच टाक्याला तारते, कारण ती सतत ओली राहिली तर फुगून आपल्याच फटी बुजवते. आजही मी किल्ल्याचे तळे काळ्या मातीचेच करतो, आणि तट तांबड्या मातीचे.

पुढचे काम सांगाड्याचे. नुसती माती ढिगाने ओतली तर ती एका ठराविक उतारापलीकडे उभी राहत नाही, घसरत राहते. आणि सह्याद्रीचा गड तर नेमका त्याच्या उलट स्वभावाचा, वर ताठ कातळ आणि खाली पसरत गेलेला घेरा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्ह्याने हा पहाड घडला. त्या आडव्या थरांमुळेच त्याला पायऱ्यांसारखे टप्पे आणि तुटलेले कडे मिळाले. मुलांना हे भूशास्त्र ठाऊक नसते, तरी त्यांचे हात ते बरोबर जाणतात: विटा आणि दगड रचून ती आधी टप्पे करतात, त्यांवर पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट पांघरतात, आणि त्या गोणपाटाला चिमटे घेत घेत सुळके, घळी आणि धारा काढतात. गोणपाटाच्या विणीत चिखल घट्ट बसतो आणि वाळला म्हणजे त्याचा पोत खडकासारखा खरबरीत दिसतो. यावर तट बांधणे हे सर्वांत कसबाचे काम. चर्या कोणी दगडाच्या कपच्यांच्या करतात, कोणी चिखलाच्या पट्टीला सुरीने खाचा देऊन. त्या राजगडच्या अंगणात मात्र संजीवनी माचीच्या दुहेरी, चिलखती तटासाठी मुलांनी ओल्या मातीच्या दोन समांतर वरंब्यांमध्ये बोटाने चर ओढला होता, आणि धाकट्याला त्या चरात एकही खडा पडू न देण्याच्या कामगिरीवर नेमले होते. ती त्याने दिवसभर इमानाने बजावली.

या सर्व खटाटोपात माझे मन सर्वांत अधिक रमते ते हिरवळीच्या पेरणीत. बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात ते हळीव किल्ल्यासाठी का निवडले जाते, याचे कारण त्या बियाणाच्या अंगात आहे. तांबूस, बारीक असे ते दाणे पाण्यात पडताच स्वतःभोवती चिकट, बुळबुळीत आवरण धरतात. त्यामुळे ते उभ्या कड्यालाही चिकटून राहतात आणि तेच आवरण मुळे रुजेपर्यंत त्यांना ओल पुरवते. मोहरी उतारावर घातली तर पहिल्याच शिंपणीत गडगडत पायथ्याशी गोळा होते. म्हणून कड्यावर हळीव, खोऱ्यात मोहरी, आणि गहू पेरायचाच तर तो किल्ल्याच्या पार मागे, रानाच्या जागी. कारण आठवड्याभरात गव्हाची पाती मावळ्याच्या डोक्यावरून जातात आणि मग गडाच्या आकाराचे सारे प्रमाण बिघडते. दशमी-एकादशीला पेरलेले हळीव वसुबारसेला फुटते, धनत्रयोदशीला त्याची पांढुरकी मान वर येते आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्यांच्या उजेडात सारा डोंगर कोवळा हिरवा झालेला असतो. पाणी मात्र तांब्याने ओतायचे नाही. कडुलिंबाची डहाळी बुडवून ती झटकायची. सकाळ-संध्याकाळ हे शिंपण ज्या मुलाने चार दिवस केले, त्याला पुढे आयुष्यात रोप कसे जगवावे हे निराळे सांगावे लागत नाही.

किल्ला आणि बाग यांचा संबंध मी ओढूनताणून जोडतो आहे असे कोणास वाटल्यास, त्याने रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, इ. स. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण वाचावे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, पाणी नसून जागा अवश्यच असेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, एका झऱ्यावर विसंबू नये कारण युद्धात तोफांच्या धमाक्याने झरे आटतात, इतका बारीक विचार त्यात आहे. आणि त्याच प्रकरणात, एखाद्या कुशल माळ्याने सांगावे तसे, गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे मोठे वृक्ष, लिंबू-नारिंगाची लहान झाडे, फुलझाडे आणि वेली, उपयोगी वाटो वा न वाटो, जे येईल ते लावून जतन करावे असे बजावले आहे. गडावरचा केरकचरा खाली न टाकता जागोजागी जाळावा आणि ती राख परसात घालून घरोघरी भाजीपाला करावा, असाही हुकूम त्यात आहे. ज्या राज्यकर्त्यांनी राखेचाही हिशेब ठेवला, त्यांच्या गडाची प्रतिकृती आपण मातीत करतो आणि तिच्यावर हळीव पेरतो. मला हे त्या हुकुमाचे आजवर चालू असलेले पालन वाटते.

किल्ल्यावरची चित्रे कोठून येतात हे पाहण्यासाठी मी पुण्याच्या कुंभारवाड्यात गेलो. येथे ‘चित्रे’ म्हणजे मातीच्या मूर्ती: गादीवर बसलेले महाराज, भालदार-चोपदार, मावळे, तोफा, डोक्यावर घडे घेतलेल्या गवळणी, भाजीवाली, वासुदेव, बैलगाडी आणि गुहेत बसवायचा वाघ. एका वृद्ध कारागिराने आपल्या ओट्यावर मला बसवून घेतले आणि जुना, दोन पाळ्यांचा साचा दाखवला. मळलेल्या मातीची पोळी दोन्ही पाळ्यांत अंगठ्याने दाबून बसवायची, कडांना पातळ माती लावून पाळ्या जोडायच्या, माती सुटली की मूर्ती काढून सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली तर वरचे अंग आधी आवळते आणि मान तुटते. मी त्यांना विचारले की सगळ्या मावळ्यांचे हात अंगाला चिकटलेले आणि तलवारी छातीला टेकलेल्या का असतात.

“हात मोकळा ठेवला तर साच्यातून निघतानाच मोडतो, भाऊ,” ते म्हणाले, “आणि साच्यात टिकला तर आव्यात मोडतो. अंगाशी राहिला तोच पोरांच्या हातापर्यंत पोचतो.”

त्या मावळ्यांची ती आखडून उभे राहण्याची ढब मला लहानपणापासून प्रिय आहे. ती मातीच्या मर्यादेतून आलेली आहे हे त्या दिवशी कळले आणि ती अधिकच प्रिय झाली. आता मात्र त्या वाड्याच्या बाहेरच्या मांडवांत प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींची चळत होती, आणि त्याहून क्लेशकारक गोष्ट म्हणजे त्याच प्लॅस्टरचे आयते किल्ले, रंगवलेले, गवताऐवजी हिरवा भुसा चिकटवलेले, पिशवीत घालून घरी न्यावयाचे. जे पालक ते विकत घेतात त्यांना मी दोष देत नाही. ज्या घराला अंगण नाही आणि ज्या नगरात माती पोत्याने विकत आणावी लागते, तेथे मुलाचा हट्ट पुरवण्याचा दुसरा मार्ग त्यांना सुचत नसेल. पण आयता किल्ला घरी आला म्हणजे मूल त्याचे मालक होते, गडकरी होत नाही. आणि त्याला चार दिवस शिंपण्याजोगे, वाट पाहण्याजोगे काही उरत नाही. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाला त्यांच्या वसाहतीच्या व्यवस्थापकांनी वाहनतळाच्या कोपऱ्यात किल्ला करण्यास मनाई केली, फरशी मळते म्हणून. त्या घरातल्या मुलीने मग स्वयंपाकघरातली जुनी पितळी परात मागून घेतली, कुंडीतली माती काढली, आणि सज्जात वीतभर उंचीचा प्रतापगड केला. त्यावर हळीव असे दाट आले की आठव्या दिवशी तिच्या आजीने ते कात्रीने कापून कोशिंबिरीत घातले.

जेथे अंगण आहे तेथे हिवाळ्याच्या तोंडाशी हातांना असे काम सर्वत्र लागलेले असते, आणि ते केवळ किल्ल्यांचे नसते. मराठवाड्यात आणि विदर्भात बायका शेणाच्या गवळणी आणि पांडव करून दारात मांडतात, त्यांच्या डोक्यांवर फुले आणि तुरे खोवतात. तळकोकणात पावसाने उखणलेले अंगण नव्याने केले जाते: गवत खरडून, माती पसरून, पाणी मारून ती लाकडी चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची, आणि माडाच्या झापांचा मांडव वर घालायचा. चोपण्याचा तो ठोक्यावर ठोका सकाळच्या गारव्यात दूरवर ऐकू येतो. तुळशीच्या लग्नापूर्वी वृंदावनाला गेरू आणि चुन्याचे हात बसतात. या सर्व कामांना सामान लागते ते माती, शेण, राख, चुना, बांबू आणि झावळ्या एवढेच, आणि ते सारे त्या दिवसांत घराभोवतीच असते. बेळगावात तर गल्लोगल्ली उभारलेले किल्ले पाहण्यासाठी रात्री माणसांची रीघ लागते, आणि तेथली तरुण मुले तटाच्या एकेका जंगीसाठी जितका वेळ खर्च करतात तितका मी अन्यत्र क्वचितच पाहिला.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांत महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतली जिंजी. राजगड त्यांत आहे. त्या अंगणातल्या मुलांना ही वार्ता शाळेत सांगितलेली होती आणि तिचा त्यांना सार्थ अभिमान होता. पण मी ती काढली तेव्हा हवालदारीणबाई पद्मावती माचीवरच्या तळ्यात काळी माती थापण्यात इतकी गढली होती की तिने मान वर न करता एवढेच विचारले, “मग जिंजीला पण पोरं किल्ला करतात का?”

कार्तिकी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी मी पुन्हा त्या गावी गेलो. तुळशीचे लग्न लागून गेले होते, वृंदावनाभोवती उसाची पाने सुकली होती, आणि गड उतरत होता. मावळे, गवळणी आणि वाघ वहीतल्या मोजदादीप्रमाणे एकेक करून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले जात होते. दोन मावळे आणि एक तोफ कमी भरली, त्याची नोंद सबनिसाने शाईने केली. गोणपाट झटकून धुण्यास टाकले, विटा परत न्हाणीमागे गेल्या. उरलेली माती, तिच्यातल्या हळिवाच्या मुळांच्या जाळ्यासकट, आजींनी फावड्याने ओढून परसातल्या वाफ्यात पसरवली आणि तिच्यावर मेथी फोकली. धाकटा त्या वाफ्याच्या कडेला उकिडवा बसून काडीने माती उकरत होता. बऱ्याच वेळाने त्याने एक मावळा वर काढला. फेट्याचा तांबडा रंग निम्मा गेलेला, पण तलवार अजून छातीला टेकलेली. तो त्याने कोणाला दाखवला नाही. सदऱ्याला पुसून खिशात टाकला आणि दुसऱ्याच्या शोधात पुन्हा उकरू लागला.